वापसा पाहून गाडी काढा: बालाघाटच्या माळावर डर्ट बाइक चालवणे आणि सांभाळणे

जुलैचा महिना होता. मांजरसुंब्याचा घाट चढून आम्ही चौघे डांबरी रस्ता सोडून एका पांदणीला लागलो होतो. पुढे वाटेला दोन फाटे फुटले, म्हणून बांधावर बसलेल्या एका बाबांना विचारले. ‘वाट हाय की,’ ते म्हणाले, ‘पर काळ्या रानात घालू नगा. आजून वापसा न्हाई. माझी बैलं दावणीला हायेत आन् तुम्ही कुठं निघालात?’ वापसा म्हणजे ओल उतरून माती औत घालण्याजोगी होणे. आम्ही मान डोलावली आणि काळ्या रानाकडेच वळलो. शंभर पावलांवर पहिल्या गाडीचे पुढचे चाक मडगार्डखाली चिखलाने इतके गच्च भरले की ते फिरेनासे झाले, आणि मागच्या गाडीतून क्लच जळाल्याचा वास सुटला. चारही गाड्या तेथून मागे काढायला अडीच तास लागले. शेवटी तेच बाबा खुरपे घेऊन आले आणि एक शब्दही न बोलता चाकातली माती चिरून काढू लागले. तेव्हापासून माझ्या अवजारांच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या आधी खुरपे जाते, आणि नव्याने डर्ट बाइक घेतलेल्या माणसाला मी आधी माती ओळखायला सांगतो. टायर आणि सस्पेन्शन यांची चर्चा त्यानंतर.

माती कशी ओळखावी

बीडच्या आसपासचा मुलूख वरवर एकसारखा दिसतो, पण बालाघाटच्या रांगेवर एका सकाळच्या फेरीत चार-पाच तऱ्हांची जमीन लागते. सगळ्यांचे मूळ एकाच काळ्या पाषाणात असले, तरी प्रत्येक जमीन चालवणाऱ्याशी आणि गाडीशी वेगळी वागते.

काळ्या रानात पावसाळ्यात जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. वापसा पाहून जावे, एवढेच म्हणेन. या मातीतल्या चिकणखनिजाला पाणी मिळाले की ते फुगते आणि चिकटते, वाळले की आक्रसते. औत घालण्याआधी शेतकरी जी परीक्षा करतो तीच आपण करावी: मूठभर माती वीतभर खोलीवरून उचलून आवळावी आणि अंगठ्याने दाबावी. गोळा भुगा होऊन फुटला तर वापसा आला; तो चपटा होऊन बोटाला चिकटला तर गाडी मागे वळवावी. वरची साय वाळलेली दिसते म्हणून फसू नये, कारण साय फुटली की खाली लोणी असते. मोठ्या पावसानंतर मुरमाड माळ त्याच दिवशी दुपारी चालण्यासारखा होतो, तर खोल काळ्या रानाला कित्येकदा पाच-सहा दिवस उघाड लागते. उन्हाळ्यात याच जमिनीची दुसरी खोड दिसते. भेगा इतक्या रुंद होतात की पुढचे चाक त्यांच्या दिशेने गेले तर अडकते, म्हणून भेग नेहमी आडवी ओलांडावी.

मुरूम हा आपल्याकडचा सर्वांत दयाळू आणि म्हणूनच सर्वांत जास्त पाडणारा प्रकार आहे. सरळ वाटेवर तो पकड देतो आणि माणसाला वेगाची चटक लावतो, मात्र वळणावर गोट्या पसरल्यासारखा चाकाखालून सरकतो. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना उतरवावा आणि वळणात पुढचा ब्रेक सोडून द्यावा. गाडी तिरकी, पण आपले धड सरळ ठेवून बाहेरच्या पायाने फूटपेगवर वजन दिले की मागचे चाक धरून राहते.

खडकाळ बरडावर दुसरा गिअर, सुटा हात आणि हलता घोटा लागतो. कपिलधारसारख्या धबधब्यांच्या परिसरातला ओला, शेवाळलेला पाषाण मात्र कोणत्याही टायरला जुमानत नाही. तेथे उतरून गाडी ढकलण्यात कमीपणा मानू नये. सिंदफणेच्या किंवा गोदावरीच्या पात्रातल्या वाळूत वजन थोडे मागे, गिअर एक वरचा आणि थ्रॉटल स्थिर ठेवावा. वाळूत हँडल डुलणारच, त्याला घट्ट आवळून सरळ करायला गेले की ते माणसाला पाडते. पात्रात शिरण्याआधी एक फेरी पायी मारावी, कारण वाळूउपशाचे खड्डे पाण्याने किंवा झाडोऱ्याने झाकलेले असतात आणि ते चांगले पुरुषभर खोल असू शकतात.

फुफाटा, म्हणजे बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्यांनी दळून काढलेली पिठासारखी धूळ, दिसायला निरुपद्रवी असतो. तो चालकाला क्वचित पाडतो, पण इंजिनाचे आयुष्य खातो. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

गाडी कोणती असावी

खरी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, हलकी आणि सुंदर असते, पण तिला दिवे नसतात, नंबर नसतो, आणि मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. गावाकडचा पांदण रस्ताही सार्वजनिकच असतो, हे लक्षात ठेवावे. स्वतःचे बंदिस्त रान किंवा ट्रॅक नसेल आणि गाडी टेम्पोत घालून नेण्याची तयारी नसेल, तर नोंदणी असलेली ट्रेल गाडीच, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारी, घ्यावी. हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली तेव्हा आपल्याकडे या प्रकाराला फारसे गिऱ्हाईक नव्हते. २०१९ च्या एक्सपल्सनंतर चित्र बदलले आणि आज माळावर भेटणाऱ्या गाड्यांत तीच जास्त दिसते. एक्सपल्स २०० ४व्हीला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांची चाके, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आणि ८२५ मिलिमीटरवर सीट आहे. तिच्या प्रो आवृत्तीत हीच उंची २७० आणि सीट ८९१ मिलिमीटरवर जाते. साडेपाच फुटांच्या माणसाने प्रो घेण्याआधी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर न बसता उतारावर उभ्या गाडीवर बसून पाहावे. रॉयल एनफिल्डची १९६ किलोची हिमालयन ४५० लांबच्या प्रवासाला उत्तम, परंतु ती नाल्यात आडवी झाली की उचलायला दुसरा माणूस लागतो. माझे मत विचाराल तर पहिली गाडी हलकी आणि थोडी जुनी असावी, जिच्यावर ओरखडा उठला तर जेवण गोड लागेनासे होणार नाही.

पैसे आधी अंगावर खर्च करावेत. आयएस ४१५१ प्रमाणित हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, गॉगल आणि हातमोजे ही पहिली खरेदी. इंजिनाखालचा बॅशप्लेट आणि हँडगार्ड ही दुसरी. मोठा आवाज काढणारा सायलेन्सर ही कधीच न करावयाची खरेदी आहे. त्याने ताकद वाढल्याचा भास होतो, गोठ्यातली जनावरे बिथरतात आणि पुढच्या खेपेला त्या गावाची वाट आपल्याला बंद होते.

आदल्या संध्याकाळची कामे

फेरी रविवारी असली तरी ती शनिवारी संध्याकाळी अंगणात सुरू होते. माळावर बंद पडलेल्या गाड्या आठवून पाहिल्या, तर बहुतेकींचे कारण आदल्या दिवशी दहा मिनिटांत दिसण्यासारखे होते.

पहिले काम हवा. रस्त्यासाठी कंपनीने सांगितलेली हवा मातीत फार कडक होते आणि टायर दगडावरून उडत राहतो. ट्यूब असलेल्या टायरात मी खडकाळ माळासाठी १८ ते २० पीएसआय ठेवतो आणि मऊ जमिनीसाठी १५ पर्यंत उतरतो. त्याखाली गेले तर दोन संकटे येतात: धारदार दगडावर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, आणि रिमलॉक (टायरला रिमवर दाबून धरणारा चिमटा) नसेल तर टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह मुळासकट ओढला जातो. व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट न आवळता टोपणाकडे वर सरकवून ठेवावा. ट्यूब सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होतो, ते आपल्याला वेळेवर दिसते आणि तो तुटायचा वाचतो. डांबरी रस्त्याने परतण्याआधी हवा पुन्हा भरावी, म्हणून पंप घरी ठेवून चालत नाही.

दुसरे काम तारांचे. चाक अधांतरी करून हळूहळू फिरवावे आणि प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने टिचकी मारावी. ताणलेली तार टणत्कार करते, ढिली तार थप्प असा मेलेला आवाज देते. चाकाभर एकसारखा सूर असावा. ढिली तार एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त आवळू नये आणि तीन-चार तारा शेजारी-शेजारी ढिल्या निघाल्या तर चाक जाणत्या कारागिराकडे न्यावे, कारण घाईने आवळलेले चाक अंडाकृती होते.

साखळीबाबत नव्या माणसाची चूक ठरलेली असते: लोंबती साखळी पाहून तो ती आवळतो. ट्रेल गाडीचे मागचे सस्पेन्शन खूप खाली-वर होते, आणि पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र), स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, खिळा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की साखळीला सर्वांत जास्त ताण बसतो. म्हणून एकदा दोन मित्रांना सीटवर बसवून किंवा पट्ट्याने मागचा भाग दाबून ही तीन ठिकाणे एका रेषेत आणावीत आणि त्या स्थितीतही साखळीला थोडी ढील उरते का ते पाहावे. मग गाडी मोकळी उभी असताना ती ढील किती मिलिमीटर दिसते ते मोजून ठेवले की पुढे दरवेळी तेवढे माप पुरते. फार ताठ साखळी उडीनंतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाते आणि तो खर्च साखळीच्या कित्येक पट असतो.

यानंतर ब्रेकपॅड, केबल आणि बोल्ट पाहावेत. महत्त्वाच्या बोल्टवर नेलपॉलिशची बारीक रेघ बोल्ट आणि बॉडी अशी मिळून ओढून ठेवली, तर रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे पान्याशिवाय कळते. आमच्यातल्या एकाने बायकोची गुलाबी बाटली वापरली, त्यावरून घरात आठवडाभर बोलणी खाल्ली, पण त्याच्या गाडीचा एकही बोल्ट आजवर वाटेत पडलेला नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलवर दगडासारखे आवळू नयेत. हाताने जोर दिल्यावर फिरतील इतपत ठेवले, तर गाडी पडल्यावर ते वळतात, मोडत नाहीत.

सोबतच्या पिशवीत टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, पंप, मागच्या-पुढच्या अॅक्सलचे पाने, साखळीची जोडकडी, केबलचे टाय, तार, चिकटपट्टी, प्लगपाना आणि एक २१ इंची ट्यूब असावी. २१ इंची ट्यूब अडचणीत मागच्या १८ इंची टायरातही दुमडून घालता येते आणि घरापर्यंत पोचवते, उलटे मात्र होत नाही. मार्चनंतर पॅचची संख्या दुप्पट करावी, कारण तुरीची धसकटे ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाहीत, तर आपल्याला कशी सोडतील? वेड्या बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो. पंक्चर काढल्यावर टायराच्या आतून कापड फिरवावे. बोट फिरवू नये, कारण काट्याला बोटही चालते.

माळावर

उभे राहून चालवणे हा या विद्येचा पाया आहे. गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपरे बाहेर, कंबर किंचित मागे, एक बोट क्लचवर आणि एक ब्रेकवर. हातांवर वजन आले की समजावे की पाय काम करीत नाहीत. नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा हात पुढच्या वाटेवर ठेवावी, कारण आपण जेथे पाहतो तेथे गाडी जाते, मग ती मोकळी वाट असो की कोरफडीचे बेट. हे शिकायला डोंगर लागत नाही. कापणी झालेल्या मोकळ्या मुरमाड जागेत मालकाला विचारून चार दगड मांडावेत आणि त्यांच्याभोवती पहिल्या गिअरमध्ये, पाय न टेकता, आठचा आकडा काढावा. तासभर हे केल्यावर जो घाम येतो तो घाटातही येत नाही.

चढावर मध्येच गाडी बंद पडणे हा प्रसंग प्रत्येकावर येतो, म्हणून तो सपाटीवरच्या छोट्या चढावर मुद्दाम घडवून शिकावा. इंजिन बंद पडले की क्लच दाबू नये. गिअरमध्ये असलेले इंजिनच मागच्या चाकाला धरून ठेवते. पुढचा ब्रेक दाबून गाडी चढाच्या बाजूला किंचित कलती करावी आणि त्याच बाजूला उतरावे, उताराच्या बाजूला कधीही नाही. मग हँडल वळवून, क्लच अगदी थोडा-थोडा सोडत-दाबत, गाडी हातभर मागे येऊ द्यावी आणि थांबवावी. असे तीन-चार वेळा केले की गाडी उताराला आडवी होते, तिचे तोंड खाली वळते आणि बसून उतरता येते. ज्याला हे जमते तो चढाला भीत नाही, आणि न भिणारा माणूस चढावर अर्ध्यात थ्रॉटल सोडत नाही, त्यामुळे त्याची गाडी मुळात कमी वेळा बंद पडते.

उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच सुटलेला, वजन मागे आणि दोन्ही ब्रेक हळुवार. मागचा ब्रेक घट्ट दाबून चाक घसरवत उतरणे दिसायला शूरपणाचे वाटते, पण त्यात ताबा जातो आणि वाटेला चर पडून पुढच्या पावसात तिचा ओढा होतो.

ओढ्यात उतरण्याआधी एकाने पायी पलीकडे जाऊन यावे. पाणी अॅक्सलच्या वर असेल तर दुसरी वाट शोधावी, आणि पुराचे गढूळ पाणी पुलावरून वाहत असेल तर तेथे कौशल्याचा प्रश्नच उरत नाही, थांबायचे असते. गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर स्टार्टरचे बटण दाबण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, आणि पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढून फिल्टरचा डबा रिकामा करावा, स्पार्क प्लग काढून प्लगची वायर बाजूला धरून इंजिन फिरवावे, भोकातून पाणी उडणे थांबले की प्लग पुसून बसवावा. तेलाच्या खिडकीत तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर गाडी चालू होत असली तरी चालवू नये, तेल बदलावे.

बरोबरचे लोक

एकट्याने मातीत जाऊ नये आणि आठांहून अधिक जणांनीही जाऊ नये. मला पाच जणांचा गट बरा वाटतो: एक जखमी झाला, एक त्याच्याजवळ बसला, दोघे मदतीला गेले, तरी एक उरतो. वाट माहीत असलेला पुढे आणि अवजारे असलेला अनुभवी माणूस सर्वांत मागे, हे बदलू नये. फाटा आला की दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीने तेथे थांबावे आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत हलू नये. प्रत्येक फाट्यावर हीच पाळी फिरते. या एका नियमामुळे दऱ्यांत मोबाइलची रेंज नसली तरी कोणी हरवत नाही. फुफाट्यात पुढच्याची धूळ बसेपर्यंत थांबावे, नाहीतर मागच्याला दिसत नाही आणि त्याचे फिल्टर दोन गाड्यांची धूळ खाते. फेरीची लांबी सर्वांत छोट्या टाकीवरून आणि फेरीचा वेग सर्वांत नवख्या माणसावरून ठरवावा. नवख्याला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतो. त्याला सर्वांच्या मागे ठेवावे.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. उजाडताच निघून दहाच्या आत परत यावे, दरमाणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे घ्यावीत. कोणी बडबडू लागला, त्याचा घाम थांबला किंवा तो चिडचिडा झाला, तर फेरी तेथेच संपली असे समजून त्याला सावलीत घ्यावे आणि अंगावर पाणी ओतावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर माणसाला उचलून बसवू नये, श्वास अडत नसेल तर हेल्मेटही ओढू नये. १०८ ला फोन करून एकाला डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उभे करावे, कारण रुग्णवाहिकेला ‘दुसऱ्या पांदणीला, चिंचेच्या झाडापासून डावीकडे’ हा पत्ता सापडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून पुढे, आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरेच मागे असतात. तेव्हा मदतीला चार धडधाकट हात मिळतीलच, हा हिशेब धरू नये.

रान कोणाचे

वाट सोडून उभ्या पिकात चाक घालणे हा गुन्हाच समजावा, आणि नुसती नांगरलेली जमीन म्हणजे मोकळी जमीन असा अर्थही काढू नये. वाटेला आडवे ठिबकचे पाइप असतील तर उतरून गाडी उचलून न्यावी. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा संध्याकाळी दिसत नाहीत, आणि गवतात दडलेल्या कठडा नसलेल्या विहिरी दिवसाही दिसत नाहीत. या दोन कारणांसाठी मी अंधारात आणि उंच गवतात वाट सोडून कधीही जात नाही. मेंढ्यांचा कळप किंवा बैलगाडी समोर आली की इंजिन बंद करून कडेला थांबावे. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात किंवा अन्य कोणत्याही राखीव वनात परवानगीवाचून गाडी घालू नये. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो, आणि मोरांच्या विणीच्या दिवसांत तर कायदा नसता तरी जाऊ नये. अंबाजोगाई-परळीच्या पलीकडे लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला सगळे गाव रानात जेवायला असते. त्या दिवशी गाडी घरी ठेवावी किंवा, ओळख असेल तर, आंबिल प्यायला पायी जावे.

परत आल्यावर

आता खरे काम. गाडी थंड झाल्यावर आणि माती वाळून दगड होण्याआधी धुवावी, आणि शक्यतो घरी, साध्या नळाने. वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा फवारा एकदा मी मोठ्या हौसेने मारून घेतला होता; गाडी नवी दिसली आणि महिन्याभरात मागच्या चाकाचे बेअरिंग कुरकुरू लागले, कारण पाण्याने सीलमागचे ग्रीस धुऊन नेले होते. फवारा मारायचाच असेल तर चाकांचे मध्य, हँडलचा सांधा, साखळी, फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांचे) सील आणि फिल्टरचा डबा यांपासून दूर ठेवावा. बॅशप्लेट काढून आतला गाळ उकरावा. तेथे अडकलेली काळी माती इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखी उष्णता धरून ठेवते. हेही खुरप्यानेच निघते.

फोर्कमधून तेल पाझरताना दिसले की लगेच सील बदलायला धावू नये. बहुधा सीलच्या ओठात मातीचा कण असतो. धुळीचे बाहेरचे सील जागेवरून सरकवून जुन्या एक्स-रे फिल्मची तुळतुळीत कापलेली पट्टी आतल्या सीलमध्ये सरकवावी आणि नळीभोवती एक फेरी फिरवावी. पट्टीवर काळी रेघ येते, तोच तो कण. दोन-तीनदा करून तेल थांबले तर सील वाचले. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) साखळीला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये. मऊ ब्रश आणि रॉकेल, मग कोरडे पुसून ल्यूब. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावे, कारण पुस्तिका रस्त्यासाठी लिहिलेली असते आणि क्लचवर काढलेला एक तास रस्त्यावरच्या कित्येक तासांइतके तेल शिजवतो. ब्रेकचे डॉट ४ तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांत बदलावे.

आणि फिल्टर. फुफाट्यातल्या प्रत्येक फेरीनंतर तो काढून पाहावा. फिल्टरपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्याच्या पलीकडची, इंजिनाकडे जाणारी नळी. तिच्या आत पांढऱ्या स्वच्छ कापडाने पुसावे. कापड स्वच्छ निघाले तर ठीक. त्यावर तांबूस रेघ आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात आहे आणि ती पिस्टनच्या रिंगांना सानेसारखी घासत आहे. अशा वेळी फिल्टर नवा असला तरी तो बसतो त्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि डब्याचे झाकण नीट बसते का ते पाहावे. कंपनीचा तेलकट कागदी फिल्टर धुवू किंवा फुंकू नये, तो बदलावाच लागतो. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारता येते. फोमचा फिल्टर या प्रदेशात मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो रॉकेलमध्ये दाबून-दाबून धुवावा, पिळू नये, कारण पिळल्याने चिकटवलेले सांधे उसवतात; मग साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा खळबळून काढावा आणि सावलीत दोरीवर टांगावा. रात्रभर वाळला की सकाळी फिल्टर ऑइल ओतून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत हाताने मळावा, जास्तीचे तेल दाबून काढावे आणि तो बसवताना डब्यात पडलेली धूळ आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.